बेर्झेचा उभा छेद

डोंगर दुरून दिसतो. पायथ्याच्या गावातून त्याचा माथा, कडे, सोंडा आणि खिंड एका नजरेत येतात आणि चढायला निघण्याआधीच त्याची ओळख झालेली असते. गुहेचं तसं नाही. ती बाहेरून दिसतच नाही, आणि आत उतरलेल्या माणसालाही कपाळावरच्या दिव्याच्या टप्प्याएवढीच दिसते. पुढचा भाग उजळतो तेव्हा मागचा काळोखात गेलेला असतो. आल्प्समधल्या एखाद्या गुहेत हजार मीटर खाली जाऊन सुखरूप वर आलेल्या माणसानेसुद्धा ती गुहा सलग अशी कधी पाहिलेली नसते. ती सलग दिसते फक्त कागदावर, तिथे जाऊन आलेल्यांनी हातांनी मोजून काढलेल्या नकाशात.

अशा नकाशांमध्ये मला सर्वांत प्रिय आहे तो फ्रान्समधल्या गूफ्र बेर्झे या गुहेचा उभा छेद. ग्रनोबल शहराच्या बाजूला व्हेर्कोर नावाचा चुनखडीचा डोंगराळ मुलूख आहे. त्यातल्या सोर्नां पठारावर २४ मे १९५३ रोजी जो बेर्झे आणि त्याच्या तीन साथीदारांना एका विवराचं तोंड सापडलं. पुढच्या तीन वर्षांत मोहिमांमागून मोहिमा झाल्या आणि १९५६ साली माणसं त्या वाटेने ११२२ मीटर खोलीवर पोचली. हजार मीटरपेक्षा खोल अशी जगाला ठाऊक झालेली ही पहिली गुहा. १९६४ पर्यंत सर्वांत खोल गुहेचा मान तिच्याकडे होता. तो आता कॉकेशसमधल्या, दोन हजार मीटरच्याही पलीकडे गेलेल्या गुहांकडे आहे. पण आकड्यांनी मागे पडल्यामुळे बेर्झेच्या छेदाची गोडी तसूभर कमी होत नाही. इतका बोलका, इतका सुरेख चढउताराचा छेद मला दुसऱ्या कुठल्या गुहेचा ठाऊक नाही.

तो वाचायचा कसा, हे आधी सांगायला हवं. घर बांधणाऱ्या माणसाला प्लॅन आणि सेक्शन हे शब्द पाठ असतात. गुहेच्या नकाशातही हेच दोन. प्लॅन म्हणजे वरून पाहिलेली गुहा: ती पूर्वेला गेली की उत्तरेला, कुठे फाटे फुटले, कुठे रुंदावली. खोल गुहांच्या बाबतीत प्लॅन फार काही सांगत नाही. चाळीस मीटरची उभी विहीर प्लॅनवर एक लहानसं वाटोळं होऊन बसते. खरी कथा असते सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदात. इथे एक अडचण येते. गुहा सारखी वळत असते, त्यामुळे नुसती एका बाजूने पाहून काढली तर तिचे भाग एकमेकांवर चढतात आणि कागदावर गुंता होतो. म्हणून नकाशाकार प्रत्येक वळण सोडवतो आणि सगळी गुहा एका पातळीत पसरतो, निऱ्या सोडून लुगडं सपाट पसरावं तशी. अशा उकललेल्या छेदात दिशा हरवते. गुहा डावीकडे वळली की उजवीकडे, हे त्यात कळत नाही. पण उतरलेली खोली आणि चाललेलं अंतर मात्र दोन्ही खरी राहतात. आत गेलेल्या माणसाचा अनुभवही असाच असतो. काळोखात त्याला उत्तर-दक्षिण उमगत नाही. किती उतरलो आणि किती चाललो, एवढंच शरीराला कळतं. म्हणून मला हा उकललेला छेद गुहेच्या सर्वांत जवळचा वाटतो.

बेर्झेच्या छेदात सर्वांत वर पठाराची रेघ आहे. ती मध्येच तुटते आणि थेट खाली कोसळते. मग एकामागून एक विहिरी: रुईझ, केर्न, गार्बी, गोंतार आणि शेवटी आल्दो. रुईझ हा पहिल्या दिवशी तोंडापाशी असलेल्या चौघांपैकी एक. बाकीचीही बहुतेक नावं मोहिमेतल्या साथीदारांची. या विहिरी साधारण पंचवीस ते चाळीस मीटरच्या, आणि आल्दो चाळीसच्या थोडी वर. हा सगळा भाग कागदावर जिन्यासारखा दिसतो, उभी रेघ, छोटी आडवी, पुन्हा उभी. नजर तिथून झरझर खाली जाते. पण त्या छोट्या आडव्या रेघांवर थांबायला हवं. त्यांना म्हणतात मिआंडर, म्हणजे पाण्याने हजारो वर्षं एकाच जागी खाली-खाली कापत नेलेली नागमोडी फट. उंची भरपूर, रुंदी माणसाच्या खांद्यांएवढी, आणि पायाखाली टेकायला पुष्कळदा काहीच नाही. एका भिंतीला पाठ आणि दुसरीला पाय लावून, सामानाची पिशवी पुढे ढकलत किंवा मागून ओढत सरकायचं. छेद १:२००० या प्रमाणात काढला तर आल्दोची विहीर दोन सेंटीमीटरची होते आणि शंभर मीटरचा मिआंडर पाच सेंटीमीटरचा. दोराने वा शिडीने विहीर उतरणं त्या मानाने लवकर होतं. मिआंडरमध्ये वेळ आणि ताकद दोन्ही जातात, आणि परतीच्या वाटेवर, दमल्या अंगाने, तर फारच. हे अंतर कागद दाखवत नाही. ते वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरायचं असतं, आणि एकदा भरता यायला लागलं की या साध्या रेघा जड होतात.

आल्दोच्या तळाशी, साधारण अडीचशे मीटर खोलीवर, छेदाची चाल बदलते. कोसळणारी रेघ वळते, लांबते, आणि आता कागदावर तिरकी धावू लागते. हा बदल सगळ्या छेदातला सर्वांत सुंदर क्षण आहे असं मला वाटतं. इतका वेळ अरुंद असलेली जागा एकदम उघडते. भिंतींच्या दोन रेघा एकमेकींपासून दूर जातात, छत वर जातं, आणि तळाशी पाण्याची खूण येते. ही मोठी गॅलरी. तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहाला शोधकांनी नाव दिलं, तारे नसलेली नदी. पुढे एक सरोवर येतं, त्याचं नाव कादू. झां कादू हा या मोहिमांचा एक प्रमुख माणूस आणि त्यांची हकिगत लिहिणारा लेखक. सरोवराच्या पलीकडे प्रचंड दगडांच्या राशी. छतातून कोसळलेले हे दगड नकाशावर लहान कोनेरी चौकटींनी दाखवतात. एकेक दगड घराएवढा असू शकतो, आणि त्या राशीत वाट शोधताना माणूस हमखास चुकतो.

विहिरींनंतर तिरकी गॅलरी का, याचं उत्तर खडकात आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं. चुनखडीच्या भेगांतून ते खाली जातं आणि जाता जाता खडक विरघळवत नेतं. जाड, भेगाळ चुनखडी असेल तिथे पाणी सरळ खाली पडतं, म्हणून विहिरी. व्हेर्कोरमध्ये या चुनखडीखाली मार्लचा थर आहे, मातकट, पाणी सहजी न झिरपू देणारा. तो लागला की पाण्याला खाली जायची वाट बंद होते आणि ते थराच्या उतारावरून वाहत जातं. छेदावरची तिरकी रेघ म्हणजे खरं तर डोंगराच्या थरांचा उतार. (आपल्या सह्याद्रीत अशा गुहा का नाहीत, तेही यातून कळतं. बेसाल्ट चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. आपल्याकडच्या नावाजलेल्या लेण्यांना माणसाची छिन्नी लागली.) म्हणजे माणसाने मोजलेल्या एका रेघेत डोंगराच्या घडणीचा इतिहास येऊन बसला आहे, आणि मोजणाऱ्यांना तो त्या वेळी दिसतही नव्हता. ते फक्त पुढच्या ठाण्यापर्यंतचा उतार वाचत होते.

पाचशे मीटरच्या आसपास छेदात एक विसावा आहे. इथे तळछावणी असायची, आणि जवळच गुहेतलं सर्वांत प्रसिद्ध दालन, तेरांचं दालन. नकाशावर इथे खाली-वर लहान काट्यांसारख्या खुणा गर्दी करतात. त्या लवणस्तंभांच्या. जमिनीतून वर उठलेल्या जाड स्तंभांची रांग आणि त्यांच्या पायाशी एकाखाली एक पाण्याची उथळ कुंडं, असं त्या दालनाचं रूप छायाचित्रांतून जगाला ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय गुहाशास्त्र संघाने नकाशांच्या खुणांची एक सर्वमान्य यादी १९९९ साली स्वीकारली. स्तंभ, कुंड, वाळू, चिखल, वाऱ्याची दिशा, बर्फ, प्राण्यांची हाडं, सगळ्यांना ठरलेल्या खुणा. जुने नकाशे यापूर्वीचे, पण त्यांचीही अक्षरओळख फार वेगळी नव्हती. मला या खुणांमध्ये वाऱ्याचा बाण विशेष आवडतो. कुठल्याही अरुंद फटीपाशी तो दिसला की समजावं, पुढे मोठी जागा आहे. पोकळीच नसेल तर हवा येणार कुठून?

दालनाच्या खाली पुन्हा सूर बदलतो. उतार वाढतो, धबधबे सुरू होतात. व्हेस्तियेर नावाचा टप्पा येतो, म्हणजे कपडे बदलायची जागा. इथून पुढे माणूस पाण्यात. कुफिनाद नावाच्या अरुंद कालव्यांत दोन्ही भिंती सरळ उभ्या आणि मध्ये थंडगार खोल पाणी. मग क्लोदीनचा धबधबा. मग ग्रँड कॅन्यन. मग एका कड्याची अरुंद धार, जिचं नावच सांगतं की हिंमत असेल तर यावरून जा. आणि अखेरचा मोठा उतार, ऊरागां, वादळ. त्याचं नाव नकाशावर वाचतानाच ऐकू येतं. चाळीस मीटरहून उंच धबधबा बंदिस्त जागेत कोसळतो, त्याच्या तुषारांनी आणि रेटलेल्या हवेने त्या विहिरीत कायमचं वारं असतं. पूर्वी कार्बाइडचे दिवे वापरत. उघड्या ज्योतीचा असा दिवा तिथे क्षणात विझतो. नावं देणाऱ्यांनी ही सगळी नावं अंगाने दिली आहेत. वरच्या भागात साथीदारांची नावं, खाली पाण्याची, थंडीची, भीतीची. शोधकांचं मन कसं बदलत गेलं, ते या नावांच्या क्रमातून वाचता येतं.

शेवटी ११२२ मीटरवर छेद पाण्यात बुडतो. भिंतींच्या दोन्ही रेघा पाण्याखाली जाऊन थांबतात. याला सायफन म्हणतात. गुहा तिथे संपत नाही, छत पाण्यात उतरतं आणि वाट पूर्ण भरून जाते. १:२००० च्या प्रमाणात आतापर्यंत छप्पन सेंटीमीटर खाली आलो. या जागी पोचायला १९५६ च्या माणसांना पोलादी तारेच्या शिड्या, पिशव्या, तंबू, अन्न आणि आजारी पडण्याची तयारी, सगळं खाली न्यावं लागलं होतं. वर पठारावर जोराचा पाऊस झाला की खालच्या भागात पूर येतो, आणि या गुहेत पुरानेही बळी घेतले आहेत.

आता प्रश्न असा, की ही रेघ तयार कशी होते? माझ्या मते या सगळ्या रसिकतेचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

मोजणी करायला निदान दोघं लागतात, तिघं असले तर बरं. पहिला पुढे जाऊन एक ठाणं निवडतो. ठाणं म्हणजे भिंतीवरचा किंवा दगडावरचा एक बिंदू, जिथून मागचंही दिसेल आणि पुढचंही. तो टेपचं टोक तिथे धरतो. दुसरा मागच्या ठाण्यावर डोळा टेकून तीन गोष्टी वाचतो: टेपवरून लांबी, होकायंत्रावरून दिशा, उतारमापीवरून उतार. तिसरा वहीत लिहितो आणि वाचून दाखवलेला आकडा मोठ्याने परत म्हणतो, कारण पाण्याच्या आवाजात पंधरा आणि पन्नास सहज एक होतात. समजा आकडा आला: लांबी १२.४०, दिशा २१५, उतार उणे ३८. एवढ्यावरून पुढे कळतं की या एका टप्प्यात माणूस ७.६३ मीटर खाली आला आणि ९.७७ मीटर पुढे गेला. मग ठाण्यापासून डावी भिंत किती, उजवी किती, छत किती, तळ किती, तेही लिहायचं. त्यानंतर लिहिणारा त्याच ठाण्यावर बसून पेन्सिलीने आजूबाजूचं रेखाटन करतो. बोटं गारठलेली, कागद ओला, पेन्सिलीचं टोक चिखलात गेलेलं. म्हणून वह्या न भिजणाऱ्या कागदाच्या असतात. उंच आल्प्समधल्या गुहांत तापमान शून्याच्या थोडंच वर असतं, आणि मोजणीत माणूस हलत नाही, उभा राहतो, म्हणून थंडी सर्वांत जास्त लिहिणाऱ्याला लागते. त्या वहीतली ओघळलेली, चिखलाच्या बोटांची पानं मी छापील पुस्तकांत पाहिली आहेत, आणि स्वच्छ नकाशापेक्षा ती मला अधिक हलवून गेली आहेत.

अशी शेकडो टप्प्यांची साखळी होते. प्रत्येक टप्प्यात थोडी चूक. वीस मीटरच्या टप्प्यात दिशा एक अंशाने चुकली तर टोक पस्तीस सेंटीमीटरने सरकतं. अशा चुका कधी डावीकडे, कधी उजवीकडे होतात, आणि पुष्कळशा एकमेकींना खोडतात. पण उतारमापी जर कायम एका बाजूला एक अंशाने चुकत असेल तर पाच किलोमीटरच्या वाटेत खोलीचा आकडा सुमारे ८७ मीटरने चुकेल. एखाद्या विक्रमाची हवा निघून जाईल एवढी ती चूक आहे. म्हणून यंत्रं आधी बाहेर तपासतात, होकायंत्राजवळ लोखंडी कॅराबिनर किंवा दिव्याची बॅटरी येऊ देत नाहीत, आणि चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतला फरक त्या वर्षाप्रमाणे वजा करतात. ब्रिटिश गुहासंशोधन संघटनेने मोजणीच्या प्रती ठरवल्या आहेत. पाचवी प्रत म्हणजे कोन एका अंशाच्या आत, लांबी आणि ठाण्याची जागा दहा सेंटीमीटरच्या आत. नकाशाच्या कोपऱ्यात ही प्रत छापतात. एखाद्या चित्राखाली चित्रकाराने आपल्या हाताची थरथर किती, हेही लिहून ठेवावं, असा हा प्रामाणिकपणा दुसऱ्या कुठल्या कलेत मला आढळलेला नाही.

आणि मोजणीची खरी कसोटी लागते वर्तुळ पूर्ण झालं की. गुहेच्या दोन वाटा फिरून एकाच ठाण्यावर आल्या, तर दोन्हीकडून मोजलेली त्या ठाण्याची जागा एकच यायला हवी. येत नाही. काही मीटरचा फरक असतोच. मग तो फरक सगळ्या टप्प्यांवर त्यांच्या वकुबाप्रमाणे वाटून दिला जातो. पूर्वी हे काम हाताने, रात्र रात्र बसून चालायचं. आता सर्व्हेक्ससारखी संगणकप्रणाली ते क्षणात करते, आणि कुठल्या वर्तुळात चूक संशयास्पद मोठी आहे हेही दाखवते. पण बेर्झेसारख्या, एकाच धाग्याने खाली गेलेल्या गुहेत वर्तुळं फार नसतात. तिथे खोलीची खात्री मोजणाऱ्याच्या मनावरच टेकलेली असते.

या बाबतीत बेर्झेच्या शेजारचंच दुसरं एक गाणं आठवतं, आणि ते अगदी वेगळ्या चालीचं आहे. ग्रनोबलच्या उत्तरेला शार्त्रझच्या डोंगरांत दां द क्रोल हा २०६२ मीटर उंचीचा सुळका आहे. त्याच्या पोटातली गुहाजाळी १९३५ ते १९४७ या काळात पिएर शेवालिए, फेर्नां पेट्झल, शार्ल पती-दिदिए आणि त्यांच्या सोबत्यांनी शोधली. मधली वर्षं युद्धाची आणि ताब्याची. सामान मिळत नव्हतं, म्हणून त्यांनी ते स्वतः बनवलं: उंच भिंतीवर चढायला जोडून लांब करता येणारा खांब, १९४२ मध्ये नायलॉनचा दोर, आणि दोरावर वर चढायला आंरी ब्रनोची यंत्रं, ज्यांना ते माकडं म्हणत. १९४१ साली डोंगराच्या वरच्या ग्लाझ या गुहेतून उतरून खालच्या गियेर मोर नदीच्या उगमापाशी बाहेर पडायची वाट सापडली, आणि १९४७ पर्यंत खोली ६५८ मीटरवर गेली. तेव्हा जगात ती सर्वांत खोल होती. आज सह्याद्रीत रात्री ट्रेकला निघणाऱ्या कितीतरी कपाळांवर पेट्झल हे नाव असतं. ते नाव याच फेर्नांचं. दोरावर उतरताना-चढताना जे हुक आणि यंत्रं आपल्याकडचे गिर्यारोहक वापरतात, त्यांची एक मुळी या डोंगरातल्या काळोखात आहे.

दां द क्रोलचा नकाशा बेर्झेच्या अगदी उलट. तिथे सलग एक रेघ नाहीच. गॅलऱ्यांचे मजले आहेत, एकावर एक, आणि त्यांना छेदणाऱ्या विहिरी. तो वाचायला धीर लागतो आणि पुन्हा पुन्हा परत जावं लागतं. शोधकांनाही तसंच करावं लागलं. त्यात प्रत्येक फाट्यापाशी निवड आहे, आणि चुकीच्या निवडीसुद्धा नकाशावर राहिल्या आहेत, बंद होणाऱ्या बोळांच्या रूपात. बेर्झेचा छेद वाचताना गती मिळते, दां द क्रोलचा वाचताना वेळ. दोन्ही मला हवे आहेत, पण पहिलं प्रेम बेर्झेवरच.

या मोजणीचं सध्याचं रूप बघायचं तर ऑस्ट्रियाला जावं लागेल. टोटेस गेबिर्गे हे चुनखडीचं मोठं उंच पठार. त्याच्या आल्टाऊसे बाजूला, लोझरच्या पठारावर, केंब्रिज विद्यापीठाच्या गुहामंडळाची मुलं १९७६ पासून उन्हाळ्यात जात आली आहेत. तिथे प्रत्येक तोंडाला ऑस्ट्रियाच्या नोंदवहीतला क्रमांक मिळतो, १६२३ हा त्या भागाचा अंक आणि पुढे त्या तोंडाचा. पठारावर अशी शेकडो तोंडं. पुष्कळशी काही मीटरवर बंद होतात, काही कानिन्शेनह्योले म्हणजे सशांच्या गुहेसारखी किलोमीटर किलोमीटर उघडत जातात. आता हातात टेप आणि होकायंत्राऐवजी स्विस अभियंता बेआट हेब याने घडवलेलं डिस्टोएक्स असतं. लेझरने अंतर, आणि त्याच डबीत दिशा व उतार. एक बटण दाबलं की तिन्ही आकडे फोनवर जातात. त्याने एका ठाण्यावरून चोहोबाजूंना दहा-वीस किरण सोडता येतात, म्हणजे भिंतीचा आकारही मोजलेला मिळतो.

पण मला त्यांच्या मोजणीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती प्रश्नचिन्हांची यादी. जिथे वाट पुढे जाते पण वेळ संपला, दोर संपला किंवा फट अरुंद निघाली, तिथे नकाशावर प्रश्नचिन्ह टाकतात, आणि यादीत त्याची प्रत लिहितात: ए म्हणजे नक्की पुढे जाणारी, बी म्हणजे बहुधा, सी म्हणजे फारशी आशा नाही. पुढच्या वर्षांत येणारी मुलं, कधी तेव्हा शाळेतही नसलेली, ती यादी वाचून कुठे जायचं ते ठरवतात. एका माणसाने थंडीत लिहिलेलं ए हे अक्षर दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या दोराला दिशा देतं. संगणकावर फिरवता येणारी गुहेची त्रिमितीय प्रतिमा याच नोंदींतून तयार होते. ती बघायला सुंदर असते, आणि तिने गुहांचं एकमेकांशी असलेलं नातं जसं एका नजरेत दिसतं तसं कागदावर कधीच दिसलं नसतं. तरी त्या फिरत्या रेघांमध्ये भिंतीचा पोत नाही, दगड नाहीत, पाणी कुठल्या बाजूला आवाज करतं ते नाही. ते सगळं अजूनही त्या लिहिणाऱ्याच्या रेखाटनातूनच येतं. म्हणून मशिनने काढलेल्या रेघेवर हाताने काढलेलं रेखाटन चढवलेला नकाशाच मला पूर्ण वाटतो.

आणखी एक छेद सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो उलटा आहे. ऑस्ट्रियातल्या झाल्झबुर्ग प्रदेशातली लाम्प्रेख्ट्सओफेन ही गुहा दरीच्या तळाशी उघडते. तिथे पर्यटकही जातात. शोधक, विशेषतः पोलंडचे, इथून वर चढत गेले, डोंगराच्या आतून माथ्याकडे, वर्षानुवर्षं. १९९८ साली वरच्या एका तोंडातून उतरलेल्यांनी तिथली वाट खालच्या गुहेला जोडली आणि खोली १६३२ मीटर ठरली. काही काळ ती जगात सर्वांत खोल होती. तिच्या छेदात इतका वेळ शून्य तळाशी होतं आणि आकडे वर चढत होते. वरचं तोंड जोडलं गेलं त्या दिवशी शून्य माथ्यावर गेलं आणि सगळे आकडे उणे झाले. रेघ तीच राहिली, मोजायची दिशा फक्त फिरली.

बेर्झेच्या छेदाखाली, सायफनच्याही खाली, आणखी एक गोष्ट आहे, आणि तिथे नकाशाकारांमध्ये दोन मतं दिसतात. ग्रनोबलच्या वेशीवर सासनाज गावात डोंगराच्या पायथ्यातून एक प्रवाह बाहेर पडतो. त्या जागेला क्यूव्ह द सासनाज म्हणतात. दोफिने प्रांताच्या सात आश्चर्यांत तिची गणना होई, आणि मेलुझीन या परीची दंतकथा तिच्याशी जोडलेली आहे. बेर्झेतलं पाणी तिथेच निघतं हे फ्लुओरेसिनचा हिरवा रंग टाकून सिद्ध झालं. १९६७ साली केन पिअर्स यांच्या ब्रिटिश मोहिमेने पाणबुड्यांचं सामान सगळ्या विहिरींतून, मिआंडरमधून खाली नेलं आणि त्या अखेरच्या सायफनमध्ये बुडी मारली. सासनाजकडूनही लोक आत गेले. खोलीचा आकडा आज बाराशे मीटरच्या पलीकडे गेला आहे. मधला भाग तरीही माणसाच्या वाटेने जोडला गेलेला नाही.

काही जण छेदाच्या टोकापासून सासनाजपर्यंत एक तुटक रेघ काढतात, पाणी इथून असं जात असणार म्हणून. रंगाचा पुरावा आहे, त्यामुळे ती रेघ खोटी म्हणता येत नाही. तरी मला ती नको वाटते. वरच्या प्रत्येक रेघेखाली कोणाचा तरी हात आहे, टेपचं टोक धरलेला. तुटक रेघेखाली तो नाही. मला तो छेद आवडतो ज्यात सायफनपाशी भिंतींच्या रेघा थांबतात, शेजारी एक छोटा बाण असतो आणि त्याच्याजवळ सासनाज एवढंच लिहिलेलं असतं.